'वळणे' : घरातल्या एका शब्दाचे निरूपण



कीर्तनकार निरूपणाला अभंग घेतो. आज निरूपणाला एक शब्द घेतला आहे, आणि तो पोथीतला नाही, तुमच्या-माझ्या घरातला आहे. तो शब्द म्हणजे 'वळणे'. दिवसभरात तो किती ठिकाणी कामाला येतो ते पाहा. घरातली आजी देवापुढच्या दिव्यासाठी वाती वळते. सूनबाई लाडू वळते. शेतकरी वाखाचा दोर वळतो, गुराखी गुरे वळतो. वारकरी पहाटे उठून अंथरुणाची वळकटी बांधतो. पुढे रस्ता वळतो. थंडीत बोबडी वळते. रुसलेल्याचे मन वळवावे लागते. हिशेबनीस एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यात वळती करतो. एवढ्या जागी एकच शब्द का बरे चालतो?

त्याचे मूळ संस्कृतातल्या 'वल्' या धातूत आहे. वल् म्हणजे फिरणे, वळणे. हातातले वलय याच धातूचे. दोन स्वरांमध्ये आलेल्या संस्कृत 'ल'चा मराठीत पुष्कळ वेळा 'ळ' होतो. फल चे फळ झाले, काल चा काळ झाला, कमल चे कमळ झाले. तसाच 'वल'चा 'वळ' झाला आणि त्यातून वळणे, वळण, वळसा ही सगळी मंडळी आली.

या धातूचा एक शेजारी आहे, 'वृत्'. त्याचाही मूळ अर्थ फिरणे, आणि पुढे असणे, वागणे. वर्तुळ, आवर्तन, वर्तन, वृत्ती हे शब्द त्याचे. आपण पंढरीची 'वाट' म्हणतो ती संस्कृतातल्या 'वर्त्मन्'वरून आली, आणि समईतली 'वात' 'वर्ति'वरून आली. म्हणजे आजी वात वळते तेव्हा तिच्या तोंडी फिरण्याचा अर्थ दोनदा येतो, एकदा वातीत आणि एकदा वळण्यात. याच धातूचे दोन शब्द परमार्थात फार मोठे झाले. पुढे धावते ती प्रवृत्ती, मागे वळते ती निवृत्ती. ज्ञानोबारायांच्या थोरल्या बंधूंचे, म्हणजे त्यांच्या सद्गुरूंचे नावच निवृत्ती. वारकऱ्यांच्या गुरुपरंपरेत मागे वळण्याचा अर्थ असा नावातच येऊन बसला आहे.

आता थोडे व्याकरण पाहू, कारण खरी मेख तिथे आहे. 'रस्ता वळतो' यात रस्ता आपणच वळतो, म्हणून क्रियापद अकर्मक. 'आजी वात वळते' यात कापूस आपण होऊन वळत नाही, आजीचे बोट त्याला वळवते, म्हणून क्रियापद सकर्मक. शब्द तोच, रूपही तेच. आपण वळलो तरी 'वळणे', आणि दुसऱ्याने आपल्याला वळवले तरी 'वळणे'. मग माउली, मला सांगा, संसारात गुंतलेला जीव देवाकडे वळतो तेव्हा तो आपण होऊन वळतो की त्याला कोणी वळवतो?

याचे उत्तर काल्यात आहे. भागवताच्या दशम स्कंधातला तेरावा अध्याय काढून पाहा. यमुनेच्या वाळवंटात गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडून भगवंताभोवती जेवायला बसले आहेत. इकडे वासरे गवताच्या लोभाने चरत चरत दूर रानात गेली. पोरे घाबरली. भगवंत त्यांना म्हणाले, तुम्ही जेवण सोडू नका, वासरे मी आणतो. आणि हातातला घास हातातच ठेवून ते निघाले. त्या वासरांनी काय साधना केली होती? त्यांना तर आपण चुकलो आहोत हेही ठाऊक नव्हते. गोपाळांवर विसंबून देव बसून राहिला नाही. वळायला तो स्वतः उठला, तेही भरल्या पंगतीतून.

म्हणून 'मी देवाकडे वळलो' असे कोणी म्हणाले तर ते खोटे नाही, पण अर्धे आहे. कापसाने म्हणावे की मी वात झालो, तसे ते आहे. मात्र कापूस स्वच्छ पिंजलेला हवा, त्यात सरकी राहता कामा नये, एवढे आपल्याकडे येते.

वळण या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, लागलेली शिस्त. आई मुलाला वळण लावते ते एका दिवसात लागत नाही. जुन्या मोडी अक्षरालाही वळण म्हणत, चिटणिशी वळण वगैरे. ते बोरू रोज घासूनच हाताला बसे. आपल्या वारीलाही असेच वळण लावलेले आहे. तुकोबारायांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून सोहळा सुरू केला. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजची घडी दिली. दिंड्यांचा क्रम, भजनाचा क्रम, मुक्काम हे ठरले. वळणाचे पाणी वळणाने जाते म्हणतात, तसे लाखो माणसे आज त्या वळणाने चालतात.

पण या वारीचा शेवट कुठे होतो? पुष्कळांना वाटते, एकादशीला चंद्रभागेचे स्नान आणि कळसाचे दर्शन झाले की वारी झाली. तसे नाही. पालख्या पौर्णिमेपर्यंत पंढरीत थांबतात. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि मग पालखी मागे वळते. जाताना सुमारे अठरा दिवस घेणारी माउलींची पालखी परतताना दहाएक दिवसांत आळंदी गाठते. जाताना रस्ता पुरत नाही एवढी गर्दी असते, आणि परतीला मोजके वारकरी असतात. वारी म्हणजे येरझार. नुसत्या जाण्याला येरझार कोण म्हणेल?

ज्यांची पेरणी खोळंबली आहे, लेकरे वाट पाहत आहेत, त्यांनी एकादशीला गाडी धरली तर त्यांना बोल लावू नये. पण ज्यांना शक्य आहे त्यांनी यंदा परतीचा निदान एक मुक्काम पालखीबरोबर चालून पाहावे. त्या वाटेवर स्वागताच्या कमानी नसतात. पाऊस असतो, थोडे टाळ असतात आणि बोलायला सवड असते. पंढरीत पाहिलेले रूप घराच्या उंबऱ्यापर्यंत कसे न्यायचे, ते तिथे शिकायला मिळते.

आणि ज्यांना तेही जमणार नाही, त्यांनी संध्याकाळी घरी स्वतःच्या हाताने एक वात वळावी, दिवा लावावा, हरिपाठ म्हणावा. मन मधेच चुकलेल्या वासरासारखे रानात जाईल. जाऊ द्या. त्याला वळायला घास हातात घेऊन निघालेला तो आहे.

रामकृष्ण हरी.