रिंगमधला मास्तर

काकांना त्यांच्या मित्राची एखादी गंमत सांगायची असली, तरी आधी आख्खा शेअरबाजार समजावून सांगावा लागतो. हर्षद मेहता आम्हाला ठाऊक, पण रिंग घरात कुणी पाहिलेली नाही. दलाल स्ट्रीटवरच्या इमारतीतला तो हॉल, घसा फोडून ओरडणारे जॉबर, गुजरातीतले भाव, हातवारे, आणि छोट्या वहीत घाईघाईनं टिपलेला सौदा. त्या घटकेला सही नाही, पावती नाही. एकदा बोललं की बोललं. एवढं आमच्या डोक्यात शिरलं, की मग काका मित्राकडे वळतात.

रिंगमध्ये त्याला मास्तर म्हणत. गाव श्रीवर्धनकडचं, बिऱ्हाड गिरगावच्या चाळीत, नोकरी एका दलालाकडे. बदल्याचं, म्हणजे सौदा पुढच्या हिशेबावर ढकलण्याचं, व्याज तोंडी काढायचा आणि नव्या पोरांकडून चहाच्या बदल्यात ते घोकून घ्यायचा.

12 मार्च 1993, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमाराला बाजाराच्या तळघरात पहिला स्फोट झाला. मग एअर इंडियाची इमारत, सेंच्युरी बाजार, दादरचं प्लाझा, झवेरी बाजार. दिवसभरात 257 माणसं गेली. मास्तर खायला खाली उतरला होता. मोबाइल नव्हतेच, काका जी. टी., सेंट जॉर्ज, जे. जे. करत रात्रीपर्यंत फिरले. हा भाग ते दोन वाक्यांत उरकतात, म्हणून मीही.

त्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्याच शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवलं होतं, हे मी कुठंसं वाचून एकदा काकांना सांगितलं. लिहिणाऱ्याला असे योगायोग आवडतात. काका उखडले. "त्याच्या गावाची सुपारी प्रसिद्ध आहे, ती लिही."

1995 साली बोल्ट आलं, संगणकावर सौदे सुरू झाले आणि रिंग ओस पडली. मास्तर असता तरी त्या आवाजाचं काय करायचं, हा प्रश्नच होता. आता काकांना त्याची आठवण नुसती काढता येत नाही. त्याच्यासाठी आख्खा बाजार पुन्हा भरवावा लागतो.

परवा पुतणीनं विचारलं, "आजोबा, पण बोललेलं कुणी नाकारलं तर?"

काका खूश झाले. स्फोटानंतर सोमवारी बाजार उघडला, तेव्हा पेपरांनी मुंबईच्या धीराचं कौतुक केलं होतं. "धीर कसला डोंबलाचा! सौदे उभे होते," काका म्हणाले. मास्तरची शेवटची वही त्याच्याबरोबरच गेली होती. त्याचे सौदे जुळवायला काका बसले, तर समोरचे आपापल्या वह्या घेऊन आपणहून आले. स्वतःला तोटा होता, तेही आले.

"सगळे?"

"एक सोडून." त्याचं नाव काका अजून सांगत नाहीत, शिवी मात्र अस्सल श्रीवर्धनी देतात, मास्तरनंच शिकवलेली.