सिंदखेडचे तलाव

तळ्याकाठी घर असावे, सकाळी खिडकी उघडताच पाण्यावरून आलेला वारा अंगास लागावा, ही सुखवस्तू गृहस्थाची हौस आजकालची नव्हे. मुंबईकरांस तिचे उदाहरण पाहावयाचे झाल्यास पवई दूर नाही. तेथील तलाव १८९१ मध्ये शहरास पाणी पुरविण्याकरिता बांधण्यात आला. परंतु त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही, आणि पुढे शंभर वर्षांच्या आतच त्याच्या आसपास श्रीमंतांची उंच घरे उभी राहू लागली. आज त्या घरांना तलावाचा शेजार आहे, तलावाचा दृष्टिसुखाचा लाभ आहे. पण घरातील नळास येणारे पाणी मात्र भलतीकडून येते. तळ्याकाठी राहावे आणि तळ्यावर अवलंबून राहू नये, हा प्रकार आपल्या शहरांत इतका रूढ झाला आहे की त्यात काही विपरीत आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे.

विदर्भाच्या पश्चिम टोकास, बुलढाणा जिल्ह्यात, सुमारे चारशे वर्षांपूर्वी एका संपन्न घराण्याने याच हौसेची निराळ्या प्रकारे पूर्तता केली. हा मुलूख वऱ्हाडच्या घाटावरचा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात काळीभोर जमीन लांबवर पसरलेली, आणि वर घाटावर दगड, मुरूम व पावसाळा सरताच कोरडे पडणारे नाले. निसर्गाने या जिल्ह्यास एक विख्यात सरोवर दिले आहे खरे, पण ते लोणारचे. अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेले ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, आणि त्याच्या तळाशी साठलेले पाणी खारे. म्हणून लोणारचे गाव पाण्याच्या काठी नाही, विवराच्या वरच्या कडेस आहे. खाली पाण्यापाशी राहिले ते देव आणि देवळे. गोड पाण्याचे तळे पाहिजे असल्यास या मुलखात ते माणसाने स्वतःच निर्माण करावयास हवे होते.

ते निर्माण केले सिंदखेडच्या जाधवांनी. लखुजी जाधवांचे नाव महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही असे नाही; परंतु ते बहुधा जिजाबाईंचे वडील म्हणून ठाऊक असते. स्वतः लखुजी हा अहमदनगरच्या निजामशाहीतील अग्रगण्य सरदार, सिंदखेडचा देशमुख, आपल्या कुळाची परंपरा देवगिरीच्या यादवांशी जोडणारा. त्याच्या पदरी फौज होती, फौजेच्या मागे कारकून, कारागीर, सावकार, सोनार, सुतार असा सगळा पसारा होता. जुन्या काळी अशा सरदाराचे गाव म्हणजे एक प्रकारचे धनिकांचे उपनगरच असे. राजधानी दौलताबादेस, दरबार तेथे, मसलती तेथे. पण कुटुंबकबिला, खजिना आणि विश्रांती येथे.

या वस्तीचे अवशेष आजही गावात ठिकठिकाणी दिसतात. भव्य दरवाजाचा राजवाडा, जेथे १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाबाईंचा जन्म झाला असे मानतात. जाड काळ्या दगडी भिंतींचा काळाकोट. रंगमहाल, ज्यात रंगपंचमीच्या दिवशी बालवयीन जिजाऊ व शहाजी यांनी एकमेकांवर रंग उडविला आणि त्यावरून सोयरीक जुळली अशी बखरीतील गोड कथा सांगितली जाते. इतिहाससंशोधक त्या कथेवर फारसा विश्वास ठेवीत नाहीत, आणि तो न ठेवणेच योग्य. पण गावकरी महाल दाखविताना ती सांगितल्यावाचून राहत नाहीत.

वाड्यांपेक्षा अधिक पाहण्याजोगे आहे ते मात्र पाण्याचे काम. मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव, सजना बारव ही नावेच पाहा. ज्यास पाण्याची वाण नाही तो माणूस तळ्यास मोत्याचे नाव देणार नाही. मोती तलावाची पुढची बाजू एखाद्या किल्ल्याच्या तटासारखी घडीव दगडांत बांधलेली आहे. दुरून पाहणाऱ्यास आत फौज असावी असे वाटते, आणि जवळ जाऊन पाहिले की आत पाणी. चांदणी तलावाच्या मध्यभागी तीन मजली इमारत आहे. उन्हाळ्याच्या संध्याकाळी चहूकडून पाण्याने वेढलेल्या त्या मजल्यांवर बसण्याचे सुख काय असेल, हे वैशाखातील वऱ्हाडी ऊन ज्याने सोसले आहे त्यासच समजेल. पुतळा बारवेच्या दगडांवर तर शिल्पकारांनी मूर्ती कोरल्या आहेत. नुसते पाणी काढण्याकरिता एवढा खटाटोप कोणी करीत नाही. पाण्याकडे जाणारी वाटही देवळाच्या वाटेसारखी शोभिवंत असावी, असा त्यात भाव दिसतो.

हा सगळा विलासच होता काय? चांदणी तलावातील इमारतीपुरते तसे म्हणता येईल. पण मोती तलावाचे पाणी शेतीच्या उपयोगाकरिता अडविलेले होते, आणि त्यात देशमुखाचा स्वार्थही उघड आहे. देशमुखाचे उत्पन्न रयतेच्या पिकावर. पीक बुडाले की वतन नावापुरते उरते. घाटावरील काळ्या दगडात पाणी टिकते ते वरच्या भुसभुशीत मुरमाच्या थरात आणि भेगांत. वरच्या बाजूस पाणी अडविले की ते हळूहळू झिरपते आणि खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा आधार मिळतो. धन्याच्या गच्चीवर गार वारा आणि खालच्या मळ्यांत मोट, ही दोन्ही कामे एकाच बांधाने साधली. पुढच्या काळातील तळ्याकाठच्या वस्त्यांत ही सांगड सुटली.

तथापि या ऐश्वर्याचा पाया पाण्याइतका भक्कम नव्हता. लखुजीने १६२१ च्या सुमारास निजामशाही सोडून मोगलांचा पक्ष धरला. त्याबद्दल त्याच्या घराण्यास मिळून चोवीस हजारांची मनसब मिळाली. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत सासरा मोगलांकडे आणि जावई शहाजी निजामशाहीकडे असा प्रसंग आला. पुढे लखुजी पुन्हा निजामशाहीकडे वळला. पण दोनदा पक्ष बदललेल्या बलाढ्य सरदारावर दरबाराचा विश्वास कसा बसावा? २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेच्या किल्ल्यात, भेटीस बोलावून, लखुजीस, त्याचे पुत्र अचलोजी व राघोजी यांस आणि नातू यशवंतराव यास निजामशहाच्या आज्ञेने ठार मारण्यात आले. एका दिवसात तीन पिढ्या कापल्या गेल्या. लखुजीची पत्नी व भाऊ जगदेवराव तेथून निसटून सिंदखेडास आली आणि मोगलांस मिळाली. जिजाबाई त्या वेळी गरोदर होत्या. माहेरचा हा आघात सोसल्यानंतर सात महिन्यांच्या आतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला.

त्यापाठोपाठ दख्खनवर दुष्काळ कोसळला. १६३० ते १६३२ या वर्षांतील त्या दुष्काळाने गुजरातेपासून दख्खनपर्यंत गावेच्या गावे ओस पडली. धनी मेलेला, दिशा बदललेली आणि आभाळ कोरडे, अशा स्थितीत वतन टिकविण्याचे काम उरलेल्या जाधवांच्या वाट्यास आले. सिंदखेडात लखुजीची जी दगडी समाधी उभी आहे, तिचा विस्तार पाहिला म्हणजे या कुळाने आपल्या कर्त्या पुरुषाची स्मृती किती अभिमानाने जपली हे कळते.

पुढची दोन शतके जाधवांनी सत्तेच्या तालावर पावले टाकली. मोगलांनंतर निजामाची चाकरी आली. १७५७ च्या अखेरीस रामचंद्र जाधव मराठ्यांच्या फौजेने सिंदखेडातच कोंडला गेला. पेशव्यांचा पुत्र विश्वासराव या मोहिमेत होता आणि दत्ताजी शिंदे फौजेसह लढत होता. त्याच्या सोडवणुकीस निजामअली धावून आला, लढाई झाली, आणि निजामास पंचवीस लाखांचा मुलूख व नळदुर्ग देऊन तह करावा लागला. जिजाबाईंच्या पणतवंडांच्या राज्याची फौज त्यांच्याच माहेरच्या गावास वेढा देऊन बसली होती, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत सहसा येत नाही. १८०४ मध्ये जनरल वेलस्ली या बाजूने गेला तेव्हा त्यास येथे चोरांचा सुळसुळाट आणि उपासमारीने शेकड्यांनी मरणारी माणसे दिसली, आणि त्यांस मदत करील असे सरकारच कोठे दिसले नाही. तलाव होते, पण बैल, बियाणे आणि निर्भय रात्र यांवाचून तलाव एकटा काय करणार!

घराण्याचे बिऱ्हाड तोवर जवळच्या देऊळगाव राजा येथे गेले होते. तेथील बालाजीचे देवस्थानही याच कुळाशी निगडित आहे. १८५१ मध्ये जाधवांच्या पदरच्या अरब शिबंदीने निजामाच्या फौजेशी निकराची लढाई केली. तिचा ठपका घराण्याचे प्रमुख बाजीराव यांच्यावर आला, वतने जप्त झाली, आणि १८५६ मध्ये ते कैदेतच वारले. दरम्यान १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले होते. ज्या घराण्यास एके काळी दिल्लीची मनसब होती, त्याचा राजकीय इतिहास अशा रीतीने एका बंदिशाळेत संपला.

वाड्याची दशा धन्याच्या मागोमाग होते. छप्पर जाते, तुळया जातात, घडीव दगड कोणाच्या तरी नव्या भिंतीत जाऊन बसतो. तलावाचे तसे झाले नाही, कारण त्याच्या खाली शेत होते आणि शेताला कोणी ना कोणी धनी होताच. बांधावरून पाणी वाहून जाऊ लागले तर प्रथम हाक शेतकऱ्याची उठते, इतिहासप्रेमी माणसाची मागाहून. आज दर वर्षी १२ जानेवारीस लाखो माणसे जिजाऊंच्या जन्मस्थानी लोटतात. मुंबई ते नागपूर हा नवा समृद्धी महामार्ग तालुक्यातूनच जातो, आणि त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून नागपूरकरांस सिंदखेड काही तासांच्या अंतरावर आले आहे. पाहुणे राजवाड्याच्या दरवाजापाशी थांबतात, माथा टेकतात आणि बहुतेक परत फिरतात. मोती तलावाच्या तटापर्यंत जाणारे थोडे. जे जातात त्यांना पावसाळ्याच्या अखेरीस दगडी तटाच्या आड पाणी आणि खालच्या अंगास हिरवी शेते दिसतात.