आपलें लोणी आपल्या पानांत

आयर्लंडांत ३१ ऑक्टोबरची रात्र सणाची मानतात. जुन्या गेलिक कालगणनेप्रमाणें १ नोव्हेंबरपासून हिवाळा लागे. पुढें ख्रिस्ती धर्मानें तोच दिवस सर्व संतांच्या स्मरणाचा ठरविला. संतांच्या सणाची पूर्वसंध्या कॅथलिक लोक मांस वर्ज्य करून पाळीत. त्यामुळें त्या रात्रीं घरोघर बटाट्याचें जेवण होई. महाराष्ट्रांतहि हा परदेशी कंद पोर्तुगीजांनीं दिलेल्या 'बटाटा' या नांवासह आला आणि उपवासाच्या पानांत जाऊन बसला, हें येथें सहज आठवतें.

त्या जेवणांतील मुख्य पदार्थाचें नांव 'कोलकॅनन'. मूळ आयरिश शब्दाचा अर्थ पांढऱ्या माथ्याची कोबी असा सांगतात. कृति अगदीं साधी आहे. पिठूळ बटाटे सालीसकट उकडावयाचे, गरम असतांनाच सोलून कुसकरावयाचे, आणि पातीचा कांदा घालून तापविलेलें दूध त्यांत मिसळावयाचें. मग उकडून बारीक चिरलेली कोबी किंवा तिच्याच जातीची, गड्डा न धरणारी पालेभाजी घालावयाची. वर मीठ व मिरपूड. पानांत त्याचा ढीग करून मध्यें अळें करतात आणि त्यांत लोण्याचा गोळा विरघळूं देतात. कडेचा घास घेऊन त्या लोण्यांत बुडवून खावयाचा, अशी रीत. ढिगांत एक अंगठी लपविलेली असते. ती ज्याला सांपडेल त्याचें वर्षाच्या आंत लग्न होणार, असा समज आहे.

ही चाल बरीच जुनी आहे. विल्यम बल्कली या वेल्श गृहस्थानें १७३५ सालीं ३१ ऑक्टोबरला डब्लिन येथें नातलगाकडे हा पदार्थ खाल्ला आणि या राज्यांत आजच्या रात्रीं तो नेहमीं करतात, अशी नोंद रोजनिशींत केली.

पण या पानांत अपूर्वाई होती ती बटाट्याची नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं गरीब आयरिश मजूर रोज सुमारें १२ पौंड बटाटे खाई. सोबतीला फार तर ताक. मग लोणी जाई कोठें? तें खंडापायीं जाई. कुळाच्या घरची गाय दूध देई, घरची बाई तें घुसळी, आणि लोणी पिंपांत भरून बाजारांत रवाना होई. कॉर्क शहरची लोण्याची पेठ जगांत पहिल्या प्रतीची गणली जाई. ज्यानें लोणी काढावें त्याच्या वांट्याला ताक यावें, हा तेथील नित्यक्रम होता. सणाची एक रात्र तेवढी त्याला अपवाद.

१८४५ सालीं बटाट्यावर करपा पडला. १८४६ सालीं जवळजवळ सारें पीक शेतांतच कुजलें. पुढील कांहीं वर्षांत भूक व रोगराई यांनीं सुमारें १० लाख माणसें मेलीं आणि त्याहूनहि अधिक देशांतराला गेलीं. १८४१ च्या शिरगणतींत लोकसंख्या सुमारें ८२ लाख होती. १८५१ मध्यें ती सुमारें ६६ लाखांवर आली. त्याच काळांत लोण्याचीं पिंपें आयरिश बंदरांतून इंग्लंडला जातच होतीं. देशांत अन्न मुळींच नव्हतें असें नाहीं. खंड भरल्यावर तें विकत घेण्यास कुळापाशीं पैसा उरत नव्हता. बटाटा करप्यानें गेला, परंतु माणसें मेलीं तीं या व्यवस्थेमुळें.

कुळांना जमिनी विकत घेणें पुढें १९०३ च्या कायद्यानें बरेंच सुकर झालें, आणि कसणारा हळूहळू धनी बनला. आजहि आयरिश घरांत ३१ ऑक्टोबरला कोलकॅनन होतें, मुलें अंगठी शोधतात. आतां लोण्याची कोणाला नवलाई नाहीं. तथापि ढिगाच्या मधोमध तें अळें करण्याची रीत मात्र कोणीं सोडलेली नाहीं.