सुनेला ओळखणारे आजोबा : जपानी कादंबऱ्यांतला स्मृतिभ्रंश



"आजी गेल्या आणि आजोबा एकदम बिघडले." हे वाक्य मी दवाखान्यात गेली कित्येक वर्षे ऐकतो आहे. घरच्यांना वाटतं, धक्का बसला. कधी कधी ते खरंही असतं. पण बरेचदा आजोबा आधीच, दोन-तीन वर्षांपासून हळूहळू बिघडत आलेले असतात. आजी ते झाकून नेत होत्या, एवढंच. ही गोष्ट मला पाठ्यपुस्तकापेक्षा एका जपानी कादंबरीने जास्त नीट समजावली.

सावाको आरियोशी या लेखिकेची 'कोओकोत्सु नो हितो' ही कादंबरी 1972 साली आली. जपानमध्ये तिच्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर चित्रपट निघाला. मी वाचली ती 'द ट्वायलाइट इयर्स' या नावाने झालेल्या इंग्रजी अनुवादात. टोकियोतली आकिको वकिलाच्या ऑफिसात नोकरी करते. एके दिवशी बर्फ पडत असताना तिचे चौऱ्याऐंशी वर्षांचे सासरे शिगेझो अंगात कोट न घालता रस्त्याने चाललेले तिला दिसतात. घरी येऊन पाहते तर सासूबाई मरून पडलेल्या. सासऱ्यांची तक्रार काय, तर ही उठत नाही आणि मला भूक लागली आहे.

मग एकेक उलगडत जातं. शिगेझो पोटच्या मुलाला ओळखत नाहीत, घरात चोर शिरला असं समजून घाबरतात. ओळखतात फक्त सुनेला आणि नातवाला. याच सुनेला त्यांनी आयुष्यभर घालूनपाडून बोललेलं असतं. खा-खा सुटते, रात्री-अपरात्री उठणं, घराबाहेर निघून जाणं, शेवटी लघवी-संडासचं भान सुटणं. क्रम इतका बिनचूक आहे की वैद्यकीय विद्यार्थ्यांना वाचायला द्यावा. आकिको मदत मागायला जाते तेव्हा तिला सांगितलं जातं, की अशा माणसाला वृद्धाश्रम घेत नाहीत, घरी जमत नसेल तर मनोरुग्णालय आहे. म्हणजे नोकरी सोडायची की नाही, हा प्रश्न तिच्याच पदरात. नवऱ्याच्या नोकरीचा विचारही कुणाच्या मनात येत नाही.

मला सगळ्यात जास्त लागलेला प्रसंग आंघोळीचा आहे. फोन वाजतो, आकिको क्षणभर उठून जाते आणि सासरे टबात बुडता बुडता वाचतात. त्यानंतर ती ठरवते, की यांना जमेल तितकं जगवायचं. याला प्रेम म्हणायचं की अपराधीपणा, हे लेखिका सांगत बसत नाही. रुग्णाची सेवा करणाऱ्या किती तरी सुनांच्या आणि मुलींच्या चेहऱ्यावर मी तेच पाहिलं आहे.

ही कादंबरी आली त्या वेळी वैद्यकशास्त्र कुठे होतं? अल्झायमर हे नाव तेव्हा बहुतेक डॉक्टर पासष्टीच्या आतल्या रुग्णांपुरतंच वापरत. त्यापुढच्यांना 'सेनाइल' म्हणून सोडून देत. दोन्हींत आजार एकच आहे, असं अमेरिकन मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठासून लिहिलं ते 1976 साली.

आता थोडं मागे जाऊ. 1947 मध्ये निवा फुमिओ यांनी 'नकोशा वयावर' एक कथा लिहिली. तीत शहाऐंशी वर्षांची आजी आहे आणि तिला एकमेकींकडे ढकलणाऱ्या नाती आहेत. कथेत माया कमी, वैताग जास्त. पण काळ लक्षात घ्या. युद्ध नुकतंच संपलेलं, खायची मारामार आणि सरासरी आयुर्मान पुरुषांचं पन्नास वर्षे, बायकांचं चोपन्न. अशा दिवसांत शहाऐंशीची, भान हरपलेली म्हातारी म्हणजे घराला जड झालेलं एक तोंड. 1972 पर्यंत हेच आयुर्मान पुरुषांचं सत्तरीपार आणि बायकांचं पंच्याहत्तरीपार गेलं. नकोशी आजी ही घरोघरची गोष्ट झाली आणि आरियोशींना लाखो वाचक मिळाले ते त्यामुळे.

मधल्या काळातल्या कावाबातांच्या 'डोंगराचा आवाज' या कादंबरीतला बासष्ट वर्षांचा शिंगो एका सकाळी टाय बांधायचाच विसरतो. चाळीस वर्षं रोज बांधलेला टाय. (अशा वेळी घाबरून लगेच एमआरआय करायला धावू नका. एका सकाळीवरून निदान होत नाही. तेच वारंवार घडू लागलं तर मात्र दाखवा.)

यासुशी इनोऊए यांनी स्वतःच्या आईवर तीन भाग लिहिले, 1964, 1969 आणि 1974 मध्ये. आई ऐंशी, पंच्याऐंशी, एकोणनव्वद. तिच्या आठवणी शेवटाकडून सुरुवातीकडे पुसल्या जातात. नवरा पुसला जातो, पण लहानपणी घरात असलेला, तरुणपणीच गेलेला एक नातेवाईक मुलगा शाबूत राहतो. फ्रान्सच्या रिबो यांनी 1881 मध्ये मांडलेला नियम तो हाच : नवं आधी जातं, जुनं शेवटी. नवऱ्याचं नाव विसरलेली आजी निर्दयी नसते, हे मी मुलांना याच नियमाने समजावतो.

शब्दांचाही इतिहास आहे. 'कोओकोत्सु' म्हणजे खरं तर तंद्री, भान हरपणं. कादंबरीनंतर जपानी लोक स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांनाच तसं म्हणू लागले. वैद्यकीय शब्द होता 'चिहोओ', त्याच्या दोन्ही चिन्हांचा अर्थ मूर्खपणाकडे जाणारा. 2004 मध्ये सरकारने तो बदलून 'निंचिशोओ', म्हणजे आकलनाचा विकार, असा केला. आपल्याकडे 'म्हातारचळ' अजून सर्रास चालतो, रुग्णासमोरसुद्धा.

हा बदल घडवण्यात डॉ. काझुओ हासेगावा यांचा मोठा वाटा होता. त्यांनी 1974 मध्ये तयार केलेली चाचणी सुधारित रूपात जपानमध्ये आजही वापरतात. आज तारीख काय, शंभरातून सात वजा करा, तीन शब्द लक्षात ठेवा, असे साधे प्रश्न. 2017 मध्ये त्यांनी जाहीर केलं, की मलाही स्मृतिभ्रंश झाला आहे. 2021 मध्ये ते गेले. आणि ते निवा फुमिओ? ते शंभर वर्षं जगले. शेवटची वर्षं अल्झायमरमध्ये गेली आणि सांभाळलं ते मुलीने.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. एक निवृत्त शिक्षक दर महिन्याला बीपी तपासायला यायचे. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी द्यायच्या. सर हसून मान हलवायचे. चार वर्षं मी बीपी लिहीत राहिलो. त्या वारल्यावर पंधरा दिवसांत मुलगा त्यांना घेऊन आला. सरांना गावाचं नावही सांगता येईना.

तेव्हापासून मी जोडप्यातल्या दुसऱ्याला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगतो. काही जणींना राग येतो.