मेळघाट : मोह वेचणारी आणि जंगलाची मालकी

१/ चिखलदऱ्याला पर्यटक थंड हवेसाठी जातात. त्याच डोंगरांत, उन्हाळ्याच्या तोंडाशी, कोरकू स्त्रिया उजाडण्यापूर्वी मोहाच्या झाडाखाली पोहोचतात. रात्रभर गळलेली फुले ऊन चढण्याआधी वेचायची, मग वाळवायची. पुढे तेंदूपाने, चारोळी. जंगलातले हे श्रम मुख्यतः स्त्रियांचे. मालकीच्या कागदावर मात्र त्यांचे नाव नव्हते.

२/ १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. पुढील काही दशकांत मेळघाटची सागवनी जंगले राखीव झाली. पिढ्यांची वहिवाट आता हक्क न राहता सरकारी सवलत ठरली, आणि सवलत केव्हाही काढून घेता येते.

३/ स्वातंत्र्यानंतरही मालक सरकारच राहिले. १९६९ च्या राज्य कायद्याने तेंदूपानांचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. १९७३ मध्ये सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते; निर्बंध अधिक कडक झाले.

४/ दुसरा अडसर घरातला होता. १९५६ चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यामुळे आदिवासी मुलीचा आणि विधवेचा वाटा रूढीवर अवलंबून राहिला.

५/ २००६ च्या वनहक्क कायद्याने दोन्ही अडसरांना हात घातला. कलम ३ ने गौण वनोपजाची मालकी मान्य केली : गोळा करणे, वापरणे, विकणे. कलम ४(४) नुसार कसत्या वनजमिनीचा हक्क विवाहितांच्या बाबतीत पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवला जातो. कुटुंबप्रमुख एकटी स्त्री असेल, तर तिच्या एकटीच्या नावे. हा हक्क वारसांकडे जातो, पण विकता येत नाही.

६/ मात्र मोह-तेंदू केवळ कसत्या तुकड्यात नसतात. ते गावाच्या सामाईक जंगलात असतात. तिथला हक्क ग्रामसभेचा. चिखलदऱ्याच्या पायथ्याकडील अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरला २०१२ मध्ये असा सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने उजाड जंगल राखले, सीताफळांची विक्री स्वतः उभी केली आणि २०१४ मध्ये राष्ट्रीय जैवविविधता पुरस्कार मिळवला.

७/ म्हणूनच संयुक्त पट्ट्याइतकीच महत्त्वाची आहे ती नियमांतली एक अट : वनहक्कांचे ठराव करणाऱ्या ग्रामसभेच्या उपस्थितांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. तेंदू कोणाला विकायचा, जंगलाचा कोणता भाग यंदा राखायचा, हे ठरवताना त्यांचे म्हणणे ऐकले गेले, तरच कागदावरची मालकी वेचणारीच्या हाती येते.