किस्सा ख्वानी ते बाबडा : अहिंसा कुठे थांबते?

अहिंसा आणि पठाण हे दोन शब्द एकत्र आले की आजही लोकांना नवल वाटते. पण खान अब्दुल गफ्फार खान यांनी १९२९ साली खुदाई खिदमतगार संघटना उभारली, ती याच पठाणांमधून. बदला घेणार नाही, हिंसा करणार नाही, अशी शपथ प्रत्येकजण अल्लाहच्या नावाने घेत असे. बादशाह खान यांच्या लेखी अहिंसा ही काही बाहेरून आणलेली गोष्ट नव्हती. मक्केत तेरा वर्षे छळ सोसूनही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात उगारला नाही. तोच सब्र.

२३ एप्रिल १९३० रोजी पुढाऱ्यांच्या अटकेच्या निषेधार्थ पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात लोक जमले. इंग्रजांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा काही डझनांवर थांबला. लोकांच्या मते तो शेकड्यांत होता. त्याच दिवशी गढवाल रायफल्सच्या जवानांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडायला नकार दिला. समोरचा जमाव बहुतांशी मुसलमान, जवान हिंदू. त्यांच्यातील चंद्रसिंह गढवाली यांना जन्मठेप झाली. काँग्रेसने विठ्ठलभाई पटेलांची चौकशी समिती नेमली. सरकारने तिच्या अहवालावर बंदी घातली. तरीही पेशावरची बातमी दाबता आली नाही.

आता दुसरी तारीख. १२ ऑगस्ट १९४८, चारसद्द्याजवळील बाबडा. माणसे तीच, मागणीही तीच : आमच्या पुढाऱ्यांना सोडा. राज्य मात्र आता पाकिस्तानचे, म्हणजे आपल्याच धर्मबांधवांचे होते. गोळीबार झाला. मृतांच्या आकड्यावर इथेही वाद आहे. पुढे संघटनेवर बंदी आली. बादशाह खान यांनी कितीतरी वर्षे तुरुंगात काढली. फाळणी मान्य करून त्यांना एकटे सोडणारे भारतातले जुने सोबतीही त्यांच्यासाठी फारसे काही करू शकले नाहीत.

दोन्ही वेळी खिदमतगारांचा सब्र सारखाच होता. मग फरक कुठे पडला? १९३० साली बंदूक खाली ठेवणारा जवान होता, चौकशी करणारा पुढारी होता, ऐकणारा देश होता. १९४८ साली यांतले कोणीच नव्हते. जालीम माणसाचे मन बदलेलच, याची हमी अहिंसा देत नाही. तिला साक्षीदार लागतो.

म्हणून पीडितांना ‘शांत राहा, सब्र करा’ असा उपदेश करण्याआधी आपण स्वतःला विचारावे : त्यांनी सब्र केला, तर त्यांच्या बाजूने बोलायला आपण उभे राहणार आहोत का? नसू, तर तो उपदेश करण्याचा हक्क आपल्याला नाही.