समलिंगी विवाहाचा निकाल : विरोध कुणी केला, कशासाठी केला आणि निकालात खरंच काय आहे?

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'सुप्रियो विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. निकालाला काळ लोटला, तरी आपल्या समाजात त्याबद्दल दोन उलट गोष्टी ऐकायला मिळतात. कुणी म्हणतं, 'कोर्टाने शेवटी धर्माचंच ऐकलं.' दुसरा म्हणतो, 'कसलं काय, त्यांना सगळी मोकळीक मिळाली.' दोन्ही चूक आहे. म्हणून हा विषय आम्ही सुरुवातीपासून, क्रमाने मांडत आहोत.

मागची पार्श्वभूमी

भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ नुसार समलिंगी संबंध हा गुन्हा होता. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, दोन सज्ञान व्यक्तींमध्ये संमतीने खासगीत होणारे संबंध या कलमातून वगळले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांमध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, तसेच काही ख्रिस्ती संघटना आणि इतर मंडळीही होती. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने २०१३ चा निकाल रद्द केला. तेव्हापासून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध हा गुन्हा राहिलेला नाही.

गुन्हा नाही, मग लग्न का नाही, हा प्रश्न तिथूनच पुढे आला. २०२२ च्या अखेरीस काही जोडप्यांनी याचिका केल्या, हळूहळू त्यांची संख्या वीसच्या आसपास गेली. मुख्य मागणी अशी होती की १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातील 'पुरुष' आणि 'स्त्री' हे शब्द 'व्यक्ती' किंवा 'जोडीदार' असे वाचावेत. या कायद्याखाली धर्म न बदलता नोंदणी पद्धतीने लग्न होतं. १३ मार्च २०२३ रोजी प्रकरण घटनापीठाकडे गेलं आणि १८ एप्रिल ते ११ मे या काळात दहा दिवस सुनावणी चालली.

धार्मिक संघटनांचं म्हणणं

जमियत उलेमा-ए-हिंदने १ एप्रिल २०२३ च्या सुमारास हस्तक्षेप अर्ज दाखल केला. अर्जाचा गाभा असा होता : विवाह हा स्त्री आणि पुरुष यांच्यात होतो, ही सगळ्या धर्मांच्या आणि सगळ्या पर्सनल लॉची मूळ बाब आहे; समलिंगी विवाहाच्या कल्पनेने कुटुंब उभं राहत नाही, उलट कुटुंबव्यवस्थेवर आघात होतो.

इस्लामी भूमिकेमागचं कारण थोडक्यात सांगायला हवं. हजरत लूत (अलैहिस्सलाम) यांच्या कौमचा किस्सा कुरआनात अनेक ठिकाणी आला आहे आणि समलिंगी संबंध निषिद्ध आहेत, ही उलेमांची सर्वमान्य भूमिका त्यावरच उभी आहे. शिवाय निकाह हा आपल्याकडे करार आहे. ईजाब-कुबूल, मेहर, गवाह, नफका, इद्दत, मुलांचा नसब, सगळं पती आणि पत्नी या दोन वेगळ्या नात्यांवर बेतलेलं आहे. विरासतीचे हिस्सेच बघा. मूल नसेल तर पत्नीच्या मालमत्तेत पतीला निम्मा आणि मूल असेल तर पाव हिस्सा. पतीच्या मालमत्तेत पत्नीला मूल नसेल तर पाव, असेल तर आठवा. पती कोण आणि पत्नी कोण हे ठरल्याशिवाय हा हिशेब सुरूच होत नाही.

न्यायालयात जमियतच्या बाजूने ज्येष्ठ वकील कपिल सिब्बल उभे राहिले. त्यांनी धर्मग्रंथ पुढे केला नाही, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. सज्ञान व्यक्तीला आपला जोडीदार निवडण्याचा हक्क आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण लग्न मोडलं तर काय? पोटगी कुणी कुणाला द्यायची? दत्तक मुलाचा बाप कोण, आई कोण? इतर देशांनी आधी कायद्यांची सगळी चौकट बदलली. आपल्याकडे एकाच कायद्यातला शब्द बदलून भागणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता.

विरोध करणारे आपण एकटेच नव्हतो. अखिल भारतीय संत समितीही न्यायालयात होती. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरकार्यवाह दत्तात्रेय होसबाळे यांनी मार्च २०२३ मध्येच, विवाह हा दोन भिन्न लिंगी व्यक्तींमध्येच होऊ शकतो, अशी भूमिका जाहीर केली होती. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २३ एप्रिलला ठराव करून हा विषय संसदेवर सोडावा असं सांगितलं. एरवी एकमेकांसमोर उभ्या असणाऱ्या संघटना इथे एका बाजूला दिसल्या.

सरकारची बाजू

केंद्र सरकारतर्फे सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी सांगितलं की पती-पत्नी या शब्दांशी जोडलेल्या सुमारे १६० कायदेशीर तरतुदींवर याचा परिणाम होईल आणि तेवढं काम न्यायालय करू शकत नाही. केंद्राने राज्यांचंही मत मागवलं. सात राज्यांनी उत्तर दिलं. राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसामने विरोध नोंदवला. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, मणिपूर आणि सिक्कीमने विचार करायला आणखी वेळ मागितला.

निकालात काय म्हटलं आहे?

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. संजय किशन कौल, न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. पी. एस. नरसिंहा यांच्या पीठाने एकूण चार वेगवेगळी निकालपत्रं दिली. त्यामुळेच गोंधळ होतो. सोप्या भाषेत वाटणी अशी :

पाचही न्यायमूर्तींचं एकमत : लग्न करण्याचा हक्क हा घटनेतला मूलभूत हक्क नाही. विशेष विवाह कायद्यात शब्द घालून न्यायालय समलिंगी विवाह आणू शकत नाही. ते काम कायदेमंडळाचं.

तीन विरुद्ध दोन : लग्न नाही, तर निदान नागरी बंध म्हणून अशा नात्याला मान्यता द्यावी आणि अशा जोडप्यांना मूल दत्तक घेता यावं, असं सरन्यायाधीश आणि न्या. कौल यांचं मत होतं. बाकी तिघांनी ते मान्य केलं नाही. तिघांचं मत तोच निकाल.

बहुमताने हेही सांगितलं : अशा व्यक्तींना एकत्र राहण्याचा हक्क आहे आणि त्यांना हिंसा, धमकी, जबरदस्ती यांपासून संरक्षण मिळालं पाहिजे. मात्र त्या नात्याला कायदेशीर दर्जा देण्याचं बंधन सरकारवर नाही.

कार्यकर्त्यांचा विरोध

निकालानंतर विरोधाचं पारडं फिरलं. आधी विरोध करणाऱ्या धार्मिक संघटनांनी निकालाचं स्वागत केलं आणि याचिकाकर्ते व हक्कांसाठी काम करणारे कार्यकर्ते विरोधात उतरले. त्यांचा आक्षेप असा : न्यायालय भेदभाव होतो हे मान्य करतं, पण इलाज देत नाही. हक्क बहुमताच्या मर्जीवर सोडायचे, तर मूलभूत हक्कांचं प्रकरण घटनेत आहे कशाला? नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्विचार याचिका दाखल झाल्या. खुल्या न्यायालयात सुनावणीची मागणी मान्य झाली नाही आणि ९ जानेवारी २०२५ रोजी पाच न्यायमूर्तींनी, निकालात उघड चूक दिसत नाही असं सांगून त्या फेटाळल्या.

दरम्यान, न्यायालयात दिलेल्या शब्दानुसार केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर रेशनकार्डावर जोडीदाराचं नाव, संयुक्त बँक खातं, नातेवाईक जवळ नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात देणं, अशा बाबींवर संबंधित खात्यांनी सूचना काढल्या.

आपल्या पर्सनल लॉला हात लागला का?

नाही. सुनावणीच्या पहिल्याच दिवशी पीठाने पर्सनल लॉमध्ये शिरणार नाही असं स्पष्ट केलं होतं. निकाल विशेष विवाह कायद्यापुरता आहे.

एक गोष्ट मात्र बातम्यांच्या गर्दीत मागे पडली. एखादी ट्रान्सजेंडर व्यक्ती भिन्न लिंगी नात्यात असेल, तर ती सध्याच्या कायद्यांखाली लग्न करू शकते, आणि त्यात पर्सनल लॉही येतो, असं न्यायालयाने म्हटलं आहे. अशी जोडी उद्या एखाद्या काझीसाहेबांकडे आली तर काय करायचं, हा फिकहचा प्रश्न आहे. त्यावर उलेमा आणि दारुल कजांनी आधीच बसून बोललेलं बरं. प्रश्न दारात आल्यावर धावपळ नको.

आनंद मानण्याआधी

आमच्या मते या निकालातून समाजाने घ्यायचा सर्वात मोठा धडा इथे आहे. धार्मिक संघटनांना हवं ते मिळालं, पण धर्माच्या आधारावर मिळालं नाही. 'हे काम संसदेचं' या आधारावर मिळालं. हा आधार दोन्ही बाजूंनी कापतो.

आपला इतिहासच बघा. १९३७ चा शरियत कायदा कायदेमंडळानेच केला. शाहबानो प्रकरणाच्या १९८५ च्या निकालानंतर संसदेने १९८६ मध्ये कायदा करून बोर्डाचं म्हणणं मान्य केलं. तीच संसद २०१९ मध्ये एका दमात दिलेल्या तीन तलाकला गुन्हा ठरवून मोकळी झाली. ७ फेब्रुवारी २०२४ रोजी उत्तराखंड विधानसभेने समान नागरी कायदा मंजूर केला आणि २७ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. त्यात विवाह स्त्री-पुरुषांमधलाच आहे, म्हणजे जमियतची २०२३ ची मागणी त्यात पूर्ण झाली. पण निकाह, तलाक, इद्दत आणि विरासतीचे आपले नियमही त्याच कायद्याने बाजूला सारले, आणि त्याविरुद्ध जमियतला न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं. 'लग्नाचा कायदा विधिमंडळ ठरवेल' हे वाक्य २०२३ मध्ये आपल्या कामाचं होतं. दोन वर्षांच्या आत तेच आपल्यावर उलटलं. म्हणून आपली भिस्त घटनेच्या कलम २५ वर, म्हणजे धर्मस्वातंत्र्याच्या हक्कावर हवी. आणि हक्क बहुमताच्या मर्जीवर नसावेत हा युक्तिवाद, ज्यांची जीवनपद्धती आपल्याला मान्य नाही असे लोकही करत आहेत, हे आपण समजून घेतलं पाहिजे. मान्य करणं वेगळं, समजून घेणं वेगळं.

घरातला प्रश्न

शेवटी, कोर्टाबाहेरची गोष्ट. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. पंचवीस वर्षांच्या एका तरुणीला तिच्या घरच्यांनी डांबून ठेवलं होतं, मारहाण केली होती. तिच्या मैत्रिणीने याचिका केली. लग्नाला मान्यता नसली तरी सज्ञान व्यक्ती आपल्या पसंतीच्या माणसासोबत राहू शकते, असं सांगून न्यायालयाने त्या मुलीला मोकळं केलं. डांबणं आणि मारणं हा गुन्हा आहे, मग कारण कोणतंही असो.

आपल्याकडे याहून सर्रास घडतं ते वेगळंच. मुलाचं मन कळतं, घरात रडारड होते आणि कुणीतरी वडीलधारं सांगतं, 'निकाह लावून टाका, सगळं ठीक होईल.' मुलीकडच्यांना काही सांगत नाहीत. मग दुसऱ्या घरची लेक, जिचा काहीच दोष नाही, ती वर्षानुवर्षं सासरी गप्प बसते किंवा खुला मागायला येते. निकाहात दोघांची रजामंदी ही अट आहे, आणि लपवून घेतलेली रजामंदी ही फसवणूक आहे. जो समाज निकाहच्या पावित्र्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो, त्याने आपल्या मोहल्ल्यात असे निकाह लावू नयेत. वालिदैनांनी मुलाशी बोलावं, भरवशाच्या आलिमांशी आणि डॉक्टरांशी बोलावं, पण दुसऱ्याच्या मुलीला इलाज म्हणून घरात आणू नये.